संचाच्या तोंडाला संच

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली युक्ती कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. एका हातात पोलिसांचा वॉकीटॉकी, दुसऱ्या हातात दुसऱ्या खात्याचा. एकातून आवाज आला की त्याचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकला टेकवायचा आणि बटण दाबून धरायचं. बोलणारा थांबला की हात उलटे करायचे. खरखर व्हायची, मधूनच शिट्टी वाजायची, अर्धे शब्द गिळले जायचे, पण निरोप पलीकडे जायचा. पुराच्या दिवसांत असा मी तासन्‌तास बसलो आहे. दोन्ही खाती एकाच सरकारची, दोन्हीकडची माणसं एकाच पाण्यात उतरलेली, आणि त्यांच्यामधला दुवा म्हणजे माझे दोन हात.

पोलीस बिनतारी विभागात मी १९८२ साली ऑपरेटर म्हणून लागलो. तेव्हा मोर्सची कट्ट-कडकट्ट शिकावी लागे. आजही छतावर पावसाचे थेंब वाजू लागले की बोटं आपोआप अक्षरं जुळवू लागतात. २०१८ साली निवृत्त झालो आणि पाटणला घरी परतलो. कोयनेच्या खोऱ्यातला माझा जन्म. १९६७ च्या डिसेंबरातला भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पडक्या घरांमधल्या वाटेवर एरियल लावलेली एक गाडी उभी होती आणि तिच्यात बसलेला माणूस डब्याशी बोलत होता, एवढं मला लख्ख आठवतं. आई म्हणाली, तो साताऱ्याशी बोलतोय. सगळं कोसळलेलं असताना एक माणूस साताऱ्याशी बोलू शकतो, याचा त्या वयात मला केवढा आधार वाटला होता.

आज लिहायचं कारण असं, की दर पावसाळ्याआधी कुठलं ना कुठलं खातं नवे संच विकत घेतं. पोलीस घेतात, वनखातं घेतं, महसूल घेतं, पालिकेचं अग्निशमन दल घेतं, धरणावरची माणसं घेतात. प्रत्येकाची वारंवारता निराळी, तिचा परवाना प्रत्येकाने दिल्लीहून वेगळा आणलेला. संचाची कंपनी निराळी, बॅटरी निराळी, चार्जरची खाचसुद्धा निराळी. माझ्या माहितीतल्या एका डोंगरमाथ्यावर तीन मनोरे शेजारी-शेजारी उभे होते, तिघांना तीन कुंपणं आणि तीन कुलपं. वारा एकच, वीज पडायची ती एकाच माथ्यावर, आणि तिन्ही मनोऱ्यांवरून चाललेलं बोलणं एकमेकांना ऐकू जायचं नाही. पैसे खर्च होत नाहीत असं नाही. ते वेगवेगळे खर्च होतात.

आमच्याकडे सामाईक विहीर कुणाला समजावून सांगावी लागत नाही. चार भावांनी आपापल्या वाट्यात चार उथळ विहिरी खणल्या तर मेमध्ये चारही आटतात. चौघांनी मिळून एक खोल खणली, पाळ्या लावल्या, सातबारावर हिस्सा नोंदवला, तर ती उन्हाळा काढते. सामाईक रेडिओ जाळं म्हणजे नेमकं हेच. सगळ्या खात्यांच्या वाहिन्या एकत्र करायच्या, मनोरे सगळ्यांचे मिळून उभारायचे, आणि ज्याला बोलायचं असेल त्याला यंत्रणा त्या क्षणी मोकळी असलेली वाहिनी देते. पोलिसांचा गट वेगळा राहतो, रुग्णवाहिकांचा वेगळा, वनखात्याचा वेगळा. कुणी कुणाचं खाजगी बोलणं ऐकत नाही. पण दरड पडली की नियंत्रण कक्षातला माणूस एक बटण दाबून पाचही खात्यांना एका गटात आणू शकतो. असं तंत्र जगात पंचवीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. फिनलंडमध्ये २००२ पासून पोलीस, अग्निशमन आणि आरोग्यसेवा देशभर एकाच जाळ्यावर बोलतात.

हल्ली कुठेही हा विषय काढला की तरुण अधिकारी म्हणतात, काका, आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, व्हॉट्सॲपवर गट आहे. त्यांचा राग मला येत नाही. कोरड्या दिवसांत तो गट खरोखर कामाला येतो. पण मोबाइलचा मनोरा चालतो विजेवर, वीज गेली की काही तास बॅटरीवर, आणि त्याची केबल बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेने गेलेली असते. घाटातला रस्ता वाहून जातो तेव्हा ती त्याच्याबरोबर जाते. शिवाय जिथे मनोरा उभा असतो तिथे सगळा तालुका एकाच वेळी फोन लावत असतो. वायरलेसचं तसं नाही. एकाने बटण दाबलं की सगळे ऐकतात. दहा जणांना दहा फोन करावे लागत नाहीत. आवाज पुढे पाठवणारं माथ्यावरचं रिपीटर बंद पडलं तरी डोळ्यांच्या टप्प्यातले दोन संच थेट एकमेकांशी बोलू शकतात. ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर दोर फेकणाऱ्या माणसाला एवढंही पुष्कळ असतं.

२२ जुलै २०२१ चा दिवस आमच्या भागात कुणी विसरणार नाही. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. महाड तालुक्यातल्या तळियेवर त्याच संध्याकाळी डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. रस्ते पाण्याखाली, फोन मुके. तळियेला मोठी मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. चिपळूण, महाड आणि पाटण ही तीन जिल्ह्यांतली तीन गावं. नकाशावर पाहाल तर सह्याद्रीची एकच धार तिघांच्या मधून जाते आणि पाऊसही तिघांवर तोच पडतो. पण सातारा कोल्हापूर परिक्षेत्रात, तर रायगड आणि रत्नागिरी कोकणात. महसूल विभागही निराळे. कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या गाडीला माथ्यावर जिल्हा बदलतो आणि जिल्ह्याबरोबर वायरलेसची वाहिनीही बदलते. अपघात नेमका माथ्याजवळ झाला तर आधी कुणी ऐकायचं, हे त्या क्षणी नशिबावर असतं. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात सहलीची बस दरीत गेली, तेव्हा वाचलेला एकमेव माणूस दरी चढून वर आला आणि त्याने फोन केला. महाबळेश्वर आणि पोलादपूर, दोन्ही बाजूंचे गिर्यारोहक दोर घेऊन उतरले. दोन जिल्ह्यांची माणसं एका दरीत होती. अशा वेळी त्यांच्या कमरेला एकमेकांशी बोलणारे संच असावेत, एवढं मागणं फार नाही.

तळियेवर डोंगर आला त्याच तारखेला, बरोबर दहा वर्षं आधी, नॉर्वेत जे घडलं ते मी नोकरीत असतानाच वाचलं होतं आणि मला झोप लागली नव्हती. २२ जुलै २०११. ओस्लोत स्फोट झाला आणि मग उतोया बेटावर एका माथेफिरूने मुलांवर गोळ्या झाडल्या. एकूण सत्त्याहत्तर जणांचा जीव गेला, त्यांतले एकोणसत्तर त्या बेटावर. नॉर्वेत तेव्हा पोलीस, अग्निशमन आणि आरोग्य यांचं सामाईक जाळं बांधायला सुरुवात झालेली होती. राजधानीच्या परिसरात ते चालूही होतं. पण बेट ज्या पोलीस जिल्ह्यात होतं तिथे ते पोचलं नव्हतं. ओस्लोहून निघालेल्या विशेष पथकाचे नवे संच तिथे उपयोगाचे राहिले नाहीत, स्थानिक पोलीस जुन्या यंत्रणेवर, आणि किनाऱ्यावर भेटायचं कुठे यावरूनच घोटाळा झाला. पुढे चौकशी आयोगाने हे सगळं स्वच्छ लिहिलं. सरकारने जाळं अर्धवट टाकलं नाही. २०१५ च्या डिसेंबरात ते देशभर पूर्ण झालं. डोंगर, दऱ्या, आत घुसलेला समुद्र, विखुरलेल्या वस्त्या: त्या देशाचा नकाशा पाहिला की मला कोकण आठवतं. तिथे जमतं ते इथे अशक्य आहे, हे मी मानत नाही.

लंडनमध्ये ७ जुलै २००५ ला भुयारी रेल्वेत स्फोट झाले तेव्हा बोगद्यांत बचाव पथकांचे रेडिओ चालेनात. निरोप घेऊन माणसं धावत वर-खाली करत होती. त्याच महिन्याच्या २६ तारखेला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडींनी माणसं गाडली. धावणाऱ्या माणसांचं ते लंडनचं वर्णन मी वाचलं तेव्हा मला आमचा एक शिपाई आठवला. कुठला तालुका, कुठलं रुग्णालय, हे लिहीत नाही. अशीच पावसाची रात्र होती. एका वस्तीवरून आमच्या चौकीच्या संचावर निरोप आला: दरड, माणसं अडकलेली, रुग्णवाहिका पाठवा. वेळ रात्री नऊ चाळीस. रुग्णालयाचा फोन मेलेला आणि त्यांच्याकडे संच नव्हता. शिपाई निरोप कागदावर उतरवून घेऊन, कागद टोपीत ठेवून निघाला. मधला फरशी पूल पाण्याखाली गेलेला असल्याने त्याला वरच्या अंगाने वळसा पडला. तो रुग्णालयात पोचला तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. लॉगबुकमध्ये दोन्ही वेळा मी माझ्या हाताने लिहिल्या. त्या पावणेदोन तासांत आमच्याकडे एकही यंत्र बिघडलं नव्हतं, एकही माणूस झोपलेला नव्हता.

न्यूयॉर्कची गोष्ट जगाला माहीत आहे. ११ सप्टेंबर २००१ ला पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत असलेला धोका पोलिसांच्या वायरलेसवर गेला, पण मनोऱ्यात चढलेल्या अग्निशामकांची वाहिनी वेगळी होती. त्या दिवशी ३४३ अग्निशामक गेले. त्यानंतर साऱ्या देशासाठी एक सामाईक जाळं असावं असा कायदा अमेरिकेच्या संसदेने केला तो २०१२ मध्ये. म्हणजे श्रीमंत देशालाही दहा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि अडचण पैशापेक्षा कुणाचं कुणी ऐकायचं याचीच जास्त होती.

आपल्याकडे विचार झालाच नाही असं नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०१८ मध्ये याच विषयावर सविस्तर शिफारशी केल्या. वेगवेगळ्या यंत्रणांचे संच एकमेकांशी बोलत नाहीत, हा दोष त्यांनीच नोंदवला आणि जनसुरक्षेसाठी स्वतंत्र वारंवारता राखून ठेवावी असं सुचवलं. मी त्याच वर्षी निवृत्त झालो. ती शिफारस वाचून वाटलं होतं, माझ्यामागून येणाऱ्या पोरांना दोन संच तोंडाला तोंड लावून बसावं लागणार नाही. मध्यंतरी ११२ क्रमांक आला, लोकांचा फोन एका ठिकाणी जाऊ लागला. हे मोठं काम झालं. जुलै २०२३ मध्ये मोबाइलवर मोठ्याने वाजलेला चाचणीचा संदेश अनेकांना आठवत असेल. वरून खाली सूचना देण्याची सोयही झाली. पण त्याच महिन्यात इरशाळवाडीवर रात्री डोंगर कोसळला. पायथ्यापासून वर जायला गाडीरस्ता नव्हता. अंधारात, पावसात बचावाची माणसं पायी चढली. चढतानाच अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. वस्तीवरून खाली, आणि मदतीला निघालेल्या एका खात्याकडून दुसऱ्याकडे, हे बोलणं अजून उघड्यावरच आहे.

माळीण गाव नाहीसं झालं हे ३० जुलै २०१४ च्या सकाळी कळलं ते एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला गेला आणि गाव जागेवर नव्हतं. १५१ माणसं मातीखाली होती. तो प्रसंग वाचताना मला दर वेळी वाटतं, डोंगरातल्या आडगावांपर्यंत रोज जाऊन येणारं सरकारचं वाहन म्हणजे एसटी. आपत्तीच्या जाळ्यात एसटीला आपण धरलेलंच नाही. पोलीस पाटलालाही धरलेलं नाही. दरडप्रवण गावांच्या याद्या जिल्ह्यांकडे तयार आहेत. त्या यादीतल्या प्रत्येक गावात पोलीस पाटलाच्या घरी एक संच आणि सौरपट्टीवर चार्ज होणारी बॅटरी हवी. घाटातून मुक्कामी जाणाऱ्या एसटीत एक संच हवा. १०८ च्या रुग्णवाहिकेत, वनरक्षकाच्या खांद्याला, धरणाच्या दरवाजावर, महावितरणच्या लाइनमनकडे एकेक हवा. आणि हे सगळे एकाच जाळ्याचे.

आता मी जे म्हणणार आहे ते माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवडणार नाही. हे जाळं पोलिसांच्या मालकीचं असू नये. आयुष्यभर खाकी घातलेला माणूस हे लिहितो आहे. पोलिसांकडे अनुभव आहे, माथ्यावर जागा आहेत, तंत्रज्ञ आहेत. त्यांच्याशिवाय ते उभं राहणार नाही. पण जाळं पोलिसांचं झालं की डॉक्टर त्यावर मोकळेपणाने बोलत नाहीत, तहसीलदार आपली माणसं त्यावर आणायला कचरतात, आणि आमच्यातलेही कुणी ना कुणी म्हणतं, हे बाहेरचे आमच्या लाइनवर कशाला. मी हे वाक्य स्वतः ऐकलं आहे, आणि खरं सांगायचं तर नव्या नोकरीत मी ते बोललोही आहे. सामाईक विहिरीत भांडण होतं ते पाण्यावरून कमी, मोटारीच्या बिलावरून जास्त. म्हणून राज्याने कायद्याने एक स्वतंत्र प्राधिकरण करावं, त्यात सगळ्या खात्यांचा माणूस असावा, बिल एकाच ठिकाणाहून भरलं जावं, आणि कुणाला आधी बोलू द्यायचं हे शांतपणे लिहून ठेवावं. सुरुवात सबंध राज्यापासून नको. पालघर ते सिंधुदुर्ग हा किनारा आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ही घाटमाथ्यापलीकडची बाजू घ्यावी. एका धारेच्या दोन्ही उतारांवर एकच जाळं.

मनोरा उभारणं हा सोपा भाग आहे. उद्‌घाटनाला फीत कापायला सगळे येतात. जुलैतल्या रात्री जनरेटर बंद पडल्यावर कोण चढतं, यावर ते जाळं जगतं की मरतं हे ठरतं. आमच्या एका रिपीटरखाली धनगरवाडा होता. तिथले एक मामा कसलाही पगार नसताना पावसात वर जायचे, पाणी शिरलंय का बघायचे, उंदरांनी केबल कुरतडली की खाली निरोप धाडायचे. एकदा डिझेलचा डबा डोक्यावर घेऊन ते माझ्यापुढे निसरड्यावरून चढत होते आणि मागे वळून म्हणाले, "तुमचं येंत्र बोललं न्हाय तर खाली मानसं मरत्यात, व्हय न्हवं?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी कधी काही विचारलं नाही. मामा आता नाहीत. त्यांचं काम करणाऱ्या माणसाला पगार देणारी ओळ मी कुठल्याही अंदाजपत्रकात पाहिलेली नाही. प्रत्येक माथ्यासाठी जवळच्या वाडीतली दोन माणसं पगारावर घ्यावीत, त्यांना प्रशिक्षण द्यावं, विमा द्यावा. हा खर्च जाळ्याच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरलेला हवा.

आणि हे जाळं रोज वापरायला हवं. दक्षिण कोरियात २०१४ साली सेवोल बोट बुडून शेकडो शाळकरी मुलं गेली, तेव्हा यंत्रणांमध्ये ताळमेळ नव्हता म्हणून त्यांनी २०२१ पर्यंत देशभर फोर-जीवर चालणारं सामाईक सुरक्षा जाळं उभारलं. तरी २०२२ च्या ऑक्टोबरात सोलच्या इतेवोन गल्लीत गर्दीत माणसं चिरडली गेली, त्या रात्री वेगवेगळ्या यंत्रणांनी त्या जाळ्यावर एकमेकांशी जवळजवळ बोलणंच केलं नाही. यंत्रं चालू होती. सवय नव्हती. ब्रिटनने दुसरी चूक केली: नवं जाळं येणार म्हणून जुनं बंद करण्याची तारीख आधी ठरवली, नवं वेळेवर आलं नाही, आणि मुदत उलटून अनेक वर्षं जुन्यावरच भागवावं लागलं. म्हणून आपण जुने व्हीएचएफ संच फेकू नयेत. नवं दोन-तीन पावसाळे टिकलेलं पाहावं, मग बोलावं.

सवयीसाठी आमच्याकडे जुनी रीत होती. सकाळी कंट्रोल एकेका ठाण्याला हाक मारायचं आणि प्रत्येकाने उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही की लगेच माणूस निघायचा. तीच हाक सगळ्या खात्यांना रोज जावी, पोलीस पाटलापासून धरणापर्यंत. गावांची नावं कशी उच्चारायची हेही तेव्हाच ठरेल. आंबेघर तर्फ मरळी या नावातलं "तर्फ मरळी" उगाच नाही. साताऱ्यात आंबेघरं एकाहून जास्त आहेत. खरखरीत नुसतं "आंबेघर" ऐकू आलं तर गाडी भलत्याच खोऱ्यात जाईल.

मे महिन्यात आमच्याकडे पावसाळ्यापूर्वीची आढावा बैठक होते. निवृत्त असलो तरी मला बोलावतात. येत्या बैठकीत मी सगळ्या खात्यांना आपापले संच टेबलावर ठेवायला सांगणार आहे, सगळे चालू करून. मग पोलिसांच्या संचावरून मी एकदाच हाक देईन. किती संचांतून ती ऐकू येते ते तिथेच मोजू.